वस्ती उभी राहताना – लेखांक ६ : घरांआधीचे पाणी

नव्या गृहवसाहतीसाठी जमिनीची निवड, तिची चढउतारानुसार आखणी, रस्त्यांची रुंदी आणि इमारतींची मांडणी यांचा विचार या लेखमालेच्या आधीच्या लेखांकांत झाला. पाणीपुरवठ्याचा विचार या क्रमात नेमका कोठे येतो, यावर त्या वसाहतीचे पुढील तीस-चाळीस वर्षांचे आयुष्य अवलंबून असते. महाराष्ट्रातील मोठ्या शहरांच्या वेशीवर अलीकडच्या काळात उभ्या राहिलेल्या अनेक वसाहतींत तो सर्वांत शेवटी झाला. इमारती पूर्ण झाल्या, सदनिका विकल्या गेल्या, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखलाही मिळाला, आणि त्यानंतर रहिवाशांना कळले की नळाला पाणी येण्यासाठी ज्या जलवाहिनीची गरज आहे ती अद्याप नकाशावरच आहे. अशी वेळ येते याचे कारण बहुधा पैशाच्या टंचाईत नसून आकडेमोडीच्या पद्धतीत असते. पाण्याची योजना सरासरी पाऊस, सरासरी मागणी आणि सरासरी उंचीचे घर धरून आखली की ती कागदावर पुरेशी दिसते. प्रत्यक्षात तिची परीक्षा अवर्षणाच्या वर्षी, सकाळच्या गर्दीच्या तासाला आणि वाहिनीच्या अगदी शेवटच्या घरात होते, आणि योजना आखायची असते ती याच तीन ठिकाणांपासून उलट दिशेने मागे येत.

या उलट्या दिशेच्या नियोजनाचे फायदे आणि ते न केल्याचे परिणाम एकाच ठिकाणी पाहायचे असतील तर नवी मुंबईसारखे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात नाही. मुंबईच्या वाढीला पर्याय म्हणून खाडीच्या पूर्वेस नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको म्हणजे शहर व औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि ठाणे व रायगड जिल्ह्यांतील सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर, वीस लाख लोकवस्ती गृहीत धरून, नोड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्वयंपूर्ण उपनगरांचे शहर आखले गेले. कोकणातला मुसळधार पाऊस आणि मागे सह्याद्रीची रांग असूनही या शहराला स्वतःच्या हद्दीत मोठा जलस्रोत नव्हता. त्यामुळे सुरुवातीच्या वसाहतींची तहान भागवण्याचे काम इतर कारणांसाठी उभ्या राहिलेल्या स्रोतांवर पडले. सिडकोहून वेगळ्या असलेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बदलापूरजवळ बारवी नदीवर बांधलेले धरण मुळात कारखान्यांसाठी होते. पाताळगंगा नदीतून उचलल्या जाणाऱ्या पाण्याची कहाणी तर आणखी निराळी आहे: ते बव्हंशी टाटांच्या खोपोली जलविद्युत केंद्रातून बाहेर पडणारे पाणी आहे, म्हणजे घाटमाथ्यावरच्या तलावांत साठवलेले, मूळ भीमेच्या खोऱ्यातले पाणी, जे १९१५ पासून वीज निर्माण करून कोकणात उतरते. अशा स्रोतावर अवलंबून असलेल्या योजनेला नदीच्या पाण्याचा हिशेब पुरत नाही. वीज केंद्र किती तास चालते, याचाही हिशेब तिला ठेवावा लागतो.

नवी मुंबई महानगरपालिका १९९२ पासून कार्यरत झाली आणि पुढे तिने खालापूर तालुक्यातील धावरी नदीवरचे मोरबे धरण राज्य शासनाच्या यंत्रणेकडून विकत घेतले. या निर्णयाचे महत्त्व केवळ मालकीत नाही. मोरब्याचा साठा सुमारे १९० दशलक्ष घनमीटर (संक्षेपाने दलघमी, एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लिटर) आहे आणि त्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या भोकरपाडा केंद्राची क्षमता दररोज ४५० दशलक्ष लिटर, म्हणजेच ४५० एमएलडी आहे. साधा भागाकार केला तर भरलेले धरण या पूर्ण क्षमतेने वापरले तरी चारशेहून अधिक दिवस पुरते. त्यातून बाष्पीभवन आणि मृतसाठा, म्हणजे बाहेर काढण्याच्या दारांच्या खाली राहणारे पाणी, वजा करावे लागते हे खरे. तरीही जूनचा पाऊस लांबला किंवा एखादा पावसाळा तोकडा पडला, तर पुढच्या पावसापर्यंत तग धरता येईल एवढी शिल्लक त्या हिशेबात आहे. शेजारच्या पनवेल परिसरातील सिडकोच्या नोडांना ही सोय लाभली नाही. पेण तालुक्यातील हेटवणे धरण, पाताळगंगा आणि इतर संस्थांकडून मिळणारे पाणी यांच्या बेरजेवर खारघर, कामोठे, कळंबोली यांसारख्या वसाहती वाढल्या, आणि इमारती ज्या वेगाने उभ्या राहिल्या त्या वेगाने ही बेरीज वाढली नाही. एकाच संस्थेने, एकाच तत्त्वावर आखलेल्या शहराच्या दोन भागांत उन्हाळ्याचा अनुभव इतका वेगळा असावा, याचे उत्तर नळजोडणीत किंवा मीटरात सापडत नाही. स्रोत कोणाचा आणि तो कोणत्या वर्षासाठी मोजला, यात ते आहे.

स्रोताच्या मोजणीत विश्वासार्हता हा शब्द एका ठरावीक अर्थाने वापरला जातो. एखाद्या नदीत दरवर्षी किती पाणी येते याच्या दीर्घ नोंदी उतरत्या क्रमाने मांडल्या, तर ज्या आकड्याइतके किंवा त्याहून अधिक पाणी शंभरपैकी पंचाहत्तर वर्षांत येते तो पंचाहत्तर टक्के विश्वासार्हतेचा आकडा. सिंचन प्रकल्प साधारणतः याच आकड्यावर बेततात, कारण चार वर्षांतून एकदा पीक कमी आले तरी शेतीची व्यवस्था त्यातून सावरू शकते असे गृहीत असते. पिण्याच्या पाण्यासाठी मात्र पंचाण्णव टक्के किंवा त्याहून अधिक विश्वासार्हता धरण्याचा संकेत आहे. जुन्या सिंचन धरणातून नव्या वसाहतीसाठी पाणी आरक्षित करून घेतले जाते तेव्हा हा फरक अनेकदा नजरेआड होतो: धरण ज्या आकड्यावर बांधले गेले त्याच आकड्यातून वसाहतीचा वाटा काढला जातो आणि वाईट वर्षी शेतकरी व रहिवासी एकाच अपुऱ्या साठ्यासमोर उभे राहतात. पिण्याच्या पाण्याला प्राधान्य असल्याने शासन अशा वेळी शेतीचे आवर्तन रद्द करते. नियोजनातल्या या चुकीची किंमत ज्यांनी त्या वसाहतीत घर घेतलेले नाही त्यांनी मोजावी, हे न्याय्य नाही, आणि म्हणूनच आरक्षणाच्या अर्जातच वसाहतीच्या पाण्याची गणना वेगळ्या विश्वासार्हतेने झाली पाहिजे.

विंधन विहिरींचा आधार घेऊन मोठी वसाहत उभारण्याचा मोह अनेक विकासकांना होतो, त्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. महाराष्ट्राचा बहुतांश भाग बेसाल्ट म्हणजे काळ्या कातळाचा आहे; या खडकात पाणी साठते ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत, त्यामुळे पावसाळ्यानंतर भरपूर पाणी देणारी बोअर मार्चमध्ये कोरडी पडणे ही तेथील नेहमीची गोष्ट आहे, आणि खाडीलगत तर जास्त उपसा केल्यास खारे पाणी आत सरकते. बागेसाठी, बांधकामासाठी किंवा आणीबाणीसाठी या विहिरी उपयोगी आहेत. हजारो कुटुंबांचा कायमचा स्रोत म्हणून त्या धरणे चुकीचे आहे.

स्रोतानंतर मागणी. पुढील सर्व हिशेब समजण्यासाठी दहा हजार सदनिकांची एक वसाहत डोळ्यांसमोर ठेवू. दर सदनिकेत सरासरी साडेचार माणसे धरली तर लोकसंख्या ४५,००० होते. केंद्र शासनाच्या पाणीपुरवठाविषयक मार्गदर्शक पुस्तिकेनुसार मलनिस्सारण वाहिन्या असलेल्या शहरात दरडोई दररोज १३५ लिटर पाणी धरले जाते, म्हणजे घरगुती गरज साधारण ६१ लाख लिटर. हे घरात पोहोचणारे पाणी आहे. वाटेत पंधरा टक्के पाणी गळती व इतर कारणांनी जाईल असे मानले, तर स्रोताकडून ७१ ते ७२ लाख लिटर घ्यावे लागतात, आणि शाळा, दवाखाना, दुकाने यांची भर घालून हा आकडा ७५ लाख लिटर, म्हणजे साडेसात एमएलडीवर जातो. पंधरा टक्क्यांची मर्यादा नव्या जाळ्यात शक्य आहे, पण ती आपोआप पाळली जात नाही. हीच गळती चाळीस टक्क्यांवर गेली, तर तेवढ्याच घरांसाठी एक कोटी लिटरहून अधिक पाणी सोडावे लागेल. दोहोंतला सुमारे तीस लाख लिटरचा फरक दरडोई १३५ लिटरच्या हिशेबाने आणखी २२,००० माणसांचे पाणी आहे. आणि ज्यांना असे वाटते की सुरुवातीची काही वर्षे टँकरने निभावून नेता येईल, त्यांनी दुसरा एक भागाकार करून पाहावा: दहा हजार लिटरचा टँकर धरला तर या एका वसाहतीला पूर्ण वस्ती झाल्यावर दिवसाला साडेसातशे टँकर लागतील, म्हणजे दिवसरात्र दर दोन मिनिटांना एक. इतके टँकर कोणत्याही रस्त्यावरून येऊ शकत नाहीत. ते ज्या विहिरींतून भरले जातील त्या विहिरींच्या गावांचे काय होईल, हा प्रश्न तर त्याहून गंभीर आहे.

साडेसात एमएलडी हा दिवसाचा आकडा झाला. पण माणसे दिवसभर सारखे पाणी वापरत नाहीत. सकाळी सहा ते नऊ या वेळात अंघोळ, स्वयंपाक, धुणे असे सारेच एकत्र येते. सर्वाधिक वापराच्या तासातील मागणी आणि दिवसाची सरासरी मागणी यांच्या गुणोत्तराला शिखर गुणक म्हणतात, आणि पन्नास हजारांपर्यंतच्या वस्तीसाठी तो तीन धरला जातो. वस्ती मोठी होत जाते तसे लोकांचे वेळापत्रक वेगवेगळे असल्याने तो अडीच व पुढे दोनपर्यंत उतरतो. उदाहरणातील वसाहतीची सरासरी मागणी सेकंदाला सुमारे ८७ लिटर असली, तरी रस्त्यांखालच्या वितरण वाहिन्या सेकंदाला २६० लिटर वाहून नेण्यासाठी आखाव्या लागतात. धरणापासून येणारी मुख्य वाहिनी मात्र एवढी मोठी करण्याची गरज नसते, कारण तिच्या आणि घरांच्या मध्ये जलकुंभ असतो. रात्री वापर कमी असताना तो भरतो आणि सकाळी येणाऱ्या पाण्यापेक्षा जाणारे पाणी अधिक असते तेव्हा रिकामा होत जातो. त्याची क्षमता ठरवण्यासाठी चोवीस तासांची आवक आणि जावक एकाच आलेखावर काढतात आणि त्या दोन रेषांमधील जास्तीत जास्त तफावतीवरून साठा निश्चित करतात. सर्वसाधारण वसाहतीत हा साठा दिवसाच्या गरजेच्या एक तृतीयांशाच्या आसपास येतो, म्हणजे येथे २५ लाख लिटर. आग विझवण्याचा साठा यात वेगळा धरावा लागतो; पन्नास हजारांहून अधिक वस्तीसाठी त्याचे सूत्र हजारांत मोजलेल्या लोकसंख्येच्या वर्गमुळाला शंभराने गुणून हजार लिटरमध्ये उत्तर घ्यावे असे आहे, म्हणजे एक लाखाच्या शहरासाठी दहा लाख लिटर.

मुख्य वाहिनीचा व्यास हा साऱ्या योजनेतला सर्वांत दूरगामी निर्णय असतो आणि त्यावर सर्वांत कमी चर्चा होते. विजेचे वेळापत्रक व दुरुस्ती यांसाठी सवड ठेवून पंप दिवसाला सोळा तास चालवायचे ठरले, तर उदाहरणातील वाहिनीतून सेकंदाला १३० लिटर पाणी जाईल. स्रोत आठ किलोमीटरवर आहे आणि आतून सिमेंटचे गुळगुळीत अस्तर असलेली लोखंडी वाहिनी टाकायची आहे, असे मानू. वाहत्या पाण्याची ऊर्जा वाहिनीच्या भिंतीशी होणाऱ्या घर्षणात खर्च होते आणि हा व्यय पाण्याच्या उंचीत, म्हणजे मीटरमध्ये मोजतात. व्यास ४०० मिलिमीटर असेल तर आठ किलोमीटरमध्ये सुमारे १८ मीटर उंची खर्ची पडते. ३०० मिलिमीटर असेल तर सुमारे ७३ मीटर. व्यास एक चतुर्थांशाने कमी केला की घर्षणाचा व्यय चौपट होतो. लहान वाहिनी टाकून पहिल्या वर्षी पैसे वाचतात, पण ५५ मीटरची ही जादा उंची पंपाला रोज चढावी लागते, आणि पंपाची एकूण कार्यक्षमता सत्तर टक्के धरली तरी त्यासाठी वर्षाला सुमारे ५.८ लाख युनिट जास्त वीज लागते. वाहिनीचा खर्च विकासक किंवा प्राधिकरण एकदाच करते. विजेचे बिल मात्र रहिवासी पाणीपट्टीतून पिढ्यानपिढ्या भरतात. खर्च करणारा एक आणि त्याचा भार वाहणारा दुसरा, अशी ही विभागणी असल्यामुळे व्यासाचा निर्णय तीस वर्षांच्या एकत्रित खर्चावर घ्यावा, असे मंजुरीच्या अटीतच नमूद असले पाहिजे.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मोठी वाहिनी नेहमीच चांगली, असे मात्र नाही. वसाहत एका दिवसात भरत नाही. पहिल्या वर्षी तीन हजार माणसे राहायला आली, तर त्यांची गरज दिवसाला पाच लाख लिटरच्याही आत असते, आणि ४०० मिलिमीटरच्या आठ किलोमीटर वाहिनीत दहा लाख लिटर पाणी मावते. म्हणजे शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी वाहिनीतच दोन दिवसांहून अधिक काळ राहते, मग जलकुंभात, मग सोसायटीच्या भूमिगत टाकीत. निर्जंतुकीकरणासाठी घातलेला क्लोरीन या काळात हळूहळू नाहीसा होतो. शेवटच्या नळाला प्रतिलिटर किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन असावा ही अट पाळणे कठीण होते, आणि नव्या, चकचकीत वसाहतीतल्या पहिल्या रहिवाशांनाच शिळे पाणी मिळते. यावर मार्ग म्हणजे टप्प्यांची आखणी. ज्या गोष्टी नंतर बदलणे दुरापास्त असते, म्हणजे धरणातील वाटा, वाहिनीची जमीन, जॅकवेलचे (नदीतून किंवा जलाशयातून पाणी उचलण्यासाठी काठावर बांधलेल्या खोल विहिरीचे) बांधकाम, त्या तीस ते पन्नास वर्षांच्या गरजेनुसार पहिल्याच दिवशी कराव्यात. पंप आणि शुद्धीकरण केंद्र पंधरा वर्षांच्या हिशेबाने भागाभागांत वाढवावेत. आणि वाहिनी शक्य असेल तेथे एकाच मोठ्या नळाऐवजी दोन समांतर नळांची ठेवून दुसरा नळ वस्ती अर्ध्यावर आल्यावर टाकावा. दोन नळांचा आणखी एक लाभ असा की एक फुटला तरी वसाहत पूर्ण कोरडी पडत नाही.

वाहिनी गुरुत्वाने, म्हणजे उतारावरून आपोआप चालणार असेल तर पंपांचा प्रश्नच उरत नाही. महाराष्ट्रात या तंत्राची परंपरा जुनी आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी दगडी बांधणीच्या भुयारी नळातून पुण्याच्या पेठांतील हौदांपर्यंत केवळ उताराच्या जोरावर आणले, आणि वाटेत कोंडणारी हवा बाहेर पडावी व आत उतरून गाळ काढता यावा म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले. आजच्या वाहिनीवरच्या हवेच्या झडपा त्याच कामाच्या असतात. चढाच्या माथ्यावर झडप नसेल तर तेथे हवा साठून पाण्याची वाट अरुंद होते, आणि खोलगट जागी गाळ काढण्याची झडप नसेल तर वाहिनी धुता येत नाही. अंदाजपत्रकात या झडपांचा खर्च नगण्य असतो, तरी काटछाटीत त्या सर्वांत आधी जातात.

शुद्धीकरणाची रीत बहुतेक वाचकांना ठाऊक असते: तुरटीने गाळ एकत्र आणून निवळणे, वाळूच्या थरांतून गाळणे आणि क्लोरीनने निर्जंतुक करणे. नियोजनाच्या दृष्टीने लक्षात ठेवायचे ते इतकेच की केंद्र पावसाळ्यातल्या सर्वांत गढूळ पाण्यासाठी आखायचे असते, कारण उन्हाळ्यातले नमुने घेऊन बांधलेल्या केंद्राची पहिल्याच मोठ्या पावसात दमछाक होते.

वसाहतीच्या आत आल्यावर मुख्य प्रश्न दाबाचा. दाबही पाण्याच्या उंचीत मोजतात. तीन मजली इमारतीत थेट नळाने पाणी चढावे यासाठी रस्त्यावरच्या वाहिनीत १७ मीटर दाब शिल्लक राहावा, असा जुना निकष आहे. उंच इमारतींत पाणी भूमिगत टाकीत घेऊन इमारतीच्या पंपाने गच्चीवर चढवले जाते, त्यामुळे तेथे रस्त्यावर कमी दाब चालतो, पण तो दिवसभर आणि प्रत्येक टोकाला असावा लागतो. नवी मुंबईसारख्या ठिकाणी, जेथे एक सेक्टर खाडीच्या भरावावर आणि दुसरा पारसिक टेकडीच्या उतारावर असतो, सर्व घरे एकाच जलकुंभावर जोडणे ही मोठी चूक ठरते. समजा, ४५ मीटर उंचीवरच्या घरांसाठी जलकुंभाची पातळी ६५ मीटरवर ठेवली, तर ५ मीटर उंचीवरच्या घरांच्या वाहिनीवर ६० मीटरचा दाब येतो. सांधे सैल होतात, गळती वाढते, आणि खालच्या भागात भरपूर पाणी वाहत असताना वरच्या भागात नळ सुकतो. म्हणून उंचीच्या टप्प्यांप्रमाणे स्वतंत्र दाबविभाग पाडावेत आणि प्रत्येकाचा जलकुंभ वेगळा असावा. त्या प्रत्येक विभागात पाणी शिरण्याच्या एकाच ठिकाणी मीटर बसवला, तर गळती शोधण्याचे साधनही आयतेच मिळते: रात्री दोन ते चारच्या दरम्यान, बहुतेक घरे झोपलेली असताना, त्या मीटरचा काटा जेवढा फिरत राहतो तेवढे पाणी बहुतांशी जमिनीत मुरत असते. ही सोय नव्या वसाहतीत रस्ते होण्याआधी करणे सोपे असते. पंचवीस वर्षांनंतर डांबर उकरून ती करणे किती कठीण जाते, हे जुन्या शहरांच्या अनुभवावरून दिसते.

दिवसातून तासभर पाणी सोडण्याची पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की नव्या वसाहतीचे नियोजनही तीच गृहीत धरून होते. तिचा तोटा पाण्याच्या प्रमाणापेक्षा शुद्धतेत अधिक आहे. वाहिनी भरलेली आणि दाबाखाली असते तोवर फटीतून पाणी बाहेर जाते. ती रिकामी झाली की त्याच फटीतून बाहेरचे पाणी आत येते, आणि बाहेरचे पाणी बऱ्याचदा शेजारच्या मलवाहिनीतून झिरपलेले असते. म्हणूनच खोदाईच्या वेळी चराकडे बारकाईने पाहावे लागते. पिण्याच्या पाण्याची वाहिनी मलवाहिनीपासून आडव्या अंतरात किमान तीन मीटर दूर असावी. ते शक्य नसेल तर ती मलवाहिनीच्या माथ्यापेक्षा किमान अर्धा मीटर वर असावी. तळाशी दगडगोटे काढून वाळूचा किंवा बारीक मातीचा थर द्यावा, वरून साधारण मीटरभर माती राहावी, आणि चर बुजवण्याआधी वाहिनी पाण्याने भरून, ठरलेल्या दाबावर ठेवून, तिचा दाब टिकतो का हे तपासावे. खाडीलगतच्या मऊ चिखलात याला आणखी दोन गोष्टींची जोड लागते, कारण तेथे भराव खचतो आणि खारी माती पोलाद खाते. सांधे थोडे हलू शकतील असे निवडावे लागतात आणि वाहिनीला बाहेरूनही संरक्षक थर द्यावा लागतो. पावसाळ्यापूर्वी रस्ता पूर्ण करण्याच्या घाईत दाबचाचणी वगळली जाते तेव्हा तो चर पुढे वारंवार उकरावा लागतो, आणि तोवर त्या वाहिनीवरची मुले आजारी पडत राहतात. या एका चाचणीचा अहवाल रहिवाशांना मागता आला पाहिजे.

दरडोई १३५ लिटरपैकी सुमारे ४५ लिटर शौचालयातील फ्लशसाठी जातात, असे राष्ट्रीय इमारत संहितेत धरलेले आहे. उदाहरणातील वसाहतीत हे दिवसाला वीस लाख लिटर होतात. धरणातून आणलेले, तुरटीने निवळलेले, क्लोरीन घातलेले पाणी या कामाला वापरण्याचे काहीच कारण नाही. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी म्हणून परत येते, म्हणजे येथे साधारण ४९ लाख लिटर. ते वसाहतीतच शुद्ध करून फ्लशच्या टाक्यांना स्वतंत्र नळाने दिले, तर धरणाकडून मागायचे पाणी एक तृतीयांशाने कमी होते आणि उरलेले सांडपाणी बागांना किंवा उद्योगांना देता येते. नवी मुंबई महापालिकेने कोपरखैरणे आणि ऐरोली येथे सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करून ते औद्योगिक पट्ट्याला देण्याची व्यवस्था उभारली आहे. मात्र दुहेरी नळव्यवस्था इमारत बांधतानाच करावी लागते. भिंती पूर्ण झाल्यावर ती जवळपास अशक्य असते. पुनर्वापराच्या नळाचा रंग वेगळा ठेवणे आणि दोन व्यवस्थांमध्ये कोठेही जोड राहू न देणे या बाबतीत हयगय चालत नाही.

योजनेच्या नकाशात वसाहतीपलीकडची माणसेही यावी लागतात. नवी मुंबईसाठी पंचाण्णव गावांची जमीन घेतली गेली, आणि धरणांच्या जलाशयाखालीही गावे गेली. शहराकडे जाणारी मोठी वाहिनी अनेक वाड्या-पाड्यांच्या अंगणाजवळून जाते. त्या नळाकडे पाहत डोक्यावर हंडा घेऊन दूरच्या विहिरीवर जाणाऱ्या स्त्रीला त्या वाहिनीतले पाणी का मिळू नये, याचे समर्थन कोणत्याही तांत्रिक कारणाने करता येत नाही. हिशेबाच्या दृष्टीने हा भार अगदी हलका आहे: वाटेतल्या गावांत मिळून पाच हजार लोक असले आणि त्यांनाही शहराइतकेच १३५ लिटर दिले, तरी ते पावणेसात लाख लिटर होतात, म्हणजे उदाहरणातील योजनेच्या एक दशांशाहून कमी. ही जोडणी नंतर द्यायची म्हटली की दाबाचा, शुद्धीकरणाचा आणि खर्चाच्या वाटणीचा वाद उभा राहतो. पहिल्या आराखड्यात ती धरली तर वाहिनीचा व्यासही फारसा बदलत नाही, आणि वाटेवरच्या लोकांना वाहिनी आपलीही वाटते, त्यामुळे ती फोडून पाणी घेण्याचे प्रकारही टळतात.

राहता राहिला मंजुरीचा क्रम. अनेक ठिकाणी बांधकाम परवानगी मिळताना सार्वजनिक पाणी येईपर्यंत आपण पाणी पुरवू, असे हमीपत्र विकासक देतो. ते किती काळ, किती लिटर आणि कोणत्या स्रोतातून, हे त्यात नसते, आणि सोसायटीकडे इमारतीचा ताबा गेला की त्या हमीची जबाबदारीही धूसर होते. या हमीपत्राऐवजी भोगवटा प्रमाणपत्रासोबत तीन नोंदी जोडणे बंधनकारक करता येईल: आरक्षित पाण्याचा करार आणि त्याची विश्वासार्हता, वितरण वाहिन्यांच्या दाबचाचणीचा अहवाल, आणि सर्वांत उंच व सर्वांत दूरच्या जोडणीवर सकाळी सात वाजता प्रत्यक्ष मोजलेला दाब व शिल्लक क्लोरीन. यांपैकी एकाही नोंदीला नवे तंत्रज्ञान लागत नाही. दाबमापक आणि क्लोरीन तपासण्याचा संच प्रत्येक पाणीपुरवठा विभागाकडे असतो. पुनर्वापरासाठी लागणाऱ्या सांडपाणी प्रकल्पाची जागा, क्षमता आणि त्याच्या देखभालीचा खर्च यांचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.

(क्रमशः)